डब्यातल्या घासाचे ऋण

१ डिसेंबर १९४१. त्या दिवसापासून ब्रिटनमध्ये डबाबंद मांस, मासे किंवा बीन्स घ्यायला नुसते पैसे पुरेनासे झाले. किमतीबरोबर रेशनचे पॉइंटही मोजावे लागू लागले. माणशी चार आठवड्यांना १६ पॉइंट. ते कुठल्या दुकानात, कशावर खर्चायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. एखादा डबा दुर्मिळ झाला की अन्नखाते त्याचे पॉइंट चढवी, साठा पडून राहिला की उतरवी. आयातीच्या नाड्याही सरकारच्याच हाती होत्या. जर्मन पाणबुड्या बोटी बुडवत असताना बोटीवरच्या तसूतसू जागेला मोल आले होते, म्हणून हाडे काढून डब्यात दाबून भरलेले मांस आधी चढे. अन्नमंत्री लॉर्ड वूल्टन यांच्या या व्यवस्थेत श्रीमंताला पैशाच्या जोरावर दुसऱ्याच्या ताटातले ओढणे अवघड झाले. काळा बाजार झालाच. तरी संकटातही वाटणी न्यायाने व्हावी हा आग्रह थोर होता.

पण हा न्याय खाणाऱ्यांपुरता होता. डबा आणणाऱ्याचे काय?

भगवद्गीतेचा तिसरा अध्याय या प्रश्नाला भिडतो. मिळालेल्याची यज्ञाने परतफेड न करता जो भोगतो त्याला गीता चोर ठरवते. फक्त स्वतःसाठी रांधणारा पाप खातो, असे बजावते. तिथे देणे लागते ते देवांचे. घास ज्यांच्यामुळे मिळतो त्या माणसांपर्यंत हे देणे पोहोचायला हवे, नाहीतर यज्ञ हा शब्द पोकळ राहतो.

हे डबे आणणाऱ्या ब्रिटिश व्यापारी बोटींवर तेव्हा हजारो हिंदी खलाशी राबत होते. त्यांत रत्नागिरीकडचे मुसलमान दर्यावर्दी होते, गोव्याचे स्वयंपाकी आणि वाढपी होते. ‘बोटीवर असतो’ एवढ्यावर घरच्यांनी त्यांची चौकशी मिटवायची. गोऱ्या खलाशाच्या मानाने त्यांचा पगार फारच तुटपुंजा. १९३९ मध्ये युद्धाला तोंड लागताच त्यांनी ब्रिटनच्या बंदरांत पगारवाढीसाठी संप केले, तेव्हा अनेकांना तुरुंगात जावे लागले. पाणबुडीच्या तडाख्यात मात्र गोरा आणि काळा सारखेच बुडाले.

घास पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे ऋण पुढच्या हंगामात थोडेफार फेडता येते. समुद्राने गिळलेल्याला परत काय द्यायचे? तर्पणात आपण गेलेल्याचे नाव घेतो, तेवढेच हाती उरते. युद्धात गेलेल्या, ज्यांना कबर मिळाली नाही अशा हिंदी व्यापारी खलाशांच्या हजारो नावांची नोंदवही दोन प्रतींत केली गेली. एक चितगावला ठेवली, दुसरी मुंबईच्या खलाशीगृहात.