शेवटचा हात कुठे लावला होता?

आजचं वाचन : दासबोध, दशक २, समास १, मूर्खलक्षण

जालन्याला माझ्या आतेभावाने घरीच बाइकचा प्लग साफ केला आणि गाडी चालूच होईना. स्टार्टर दाबून दाबून बॅटरी उतरली. मेकॅनिकने एकच विचारलं, "शेवटचा हात कुठे लावला होता?" प्लगची कॅप अर्धवट बसली होती. ठिणगीच नाही, तर पेट्रोल काय करणार!

आपण माणसंही अशीच दुरुस्त करायला जातो. आईला चार गोष्टी सुनावतो, घरातलं बोलणं बंद पडतं. मग तेच मुद्दे आणखी जोरात. म्हणजे पुन्हा स्टार्टरच!

आपल्या जालना जिल्ह्यातल्या जांब गावी १६०८ साली जन्मलेल्या समर्थांनी ही लक्षणं सांगितली ती सोडून देण्यासाठी, दुसऱ्याला चिकटवण्यासाठी नाही. समास वाचताना भलत्याचाच चेहरा डोळ्यांसमोर येतो ना? तिथेच थांबायचं. यादी आधी स्वतःला लावून बघायची.

आज एवढंच करू या. घरात अबोला असेल तर आपला शेवटचा शब्द आठवू या. जोडणी बहुधा तिथेच सुटलेली असते.

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥