देव आहे तेथे आपली माणसे



“देव सध्या कुठे आहेत?” असे अणदुरात विचारले, तर लहान मूलही उत्तर देते. खंडोबाची मूर्ती एक, देवळे दोन. वर्षाचा बहुतेक काळ मुक्काम अणदुरात आणि पौषातील यात्रेच्या सुमारास नळदुर्गात. शेजाऱ्यांच्या या श्रद्धेचा आपण आदर करतो. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हाच प्रश्न निराळ्या आवाजात विचारला गेला. किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला आणि झोपेत असलेली हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. मागे उरलेल्यांचे प्रश्न दोन होते : तेव्हा देव कुठे होता? आणि आमची माणसे आता कुठे आहेत?

तो भूकंप म्हणजे पापाची शिक्षा, असे आपण कधीही म्हणू नये. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी होती हा विचार प्रभू येशूने स्पष्ट नाकारला. असे का घडले, याचा उलगडा पवित्र शास्त्र करत नाही. पण त्या दोन प्रश्नांना ते एकत्र बांधते.

जुन्या कराराच्या आरंभी परलोकाविषयी फार थोडे सांगितले आहे. मेलेला मनुष्य अंधाऱ्या अधोलोकात जातो आणि तेथे देवाची स्तुती होत नाही, एवढीच समजूत होती. मृत्यूचे खरे दुःख हे, की देवाची संगत तुटते. देव मात्र रानात लोकांबरोबर तंबूत राहिला. मंदिर बांधणाऱ्या शलमोनानेच कबूल केले, की स्वर्गातही न मावणारा देव या घरात मावणार नाही. बंदिवासात गेलेल्या यहेज्केलाला देवाचे तेज परमुलखात, खबार नदीकाठी दिसले. अधोलोकातही देव आहेच, असे स्तोत्रकर्त्याने म्हटले. परमुलखात जो सोडत नाही, तो मरणात कसा सोडील? याच आशेने मक्काबींच्या काळात सात भावांनी आणि त्यांच्या आईने प्राण दिले.

पुनरुत्थान न मानणाऱ्या सदूकी लोकांना येशूने परलोकाचे वर्णन ऐकवले नाही. त्याने जळत्या झुडपाची आठवण दिली. अब्राहामाला मरून शतके लोटली होती, तरी देव स्वतःला अब्राहामाचा देव म्हणवतो. देवाने जोडलेले नाते मरण तोडू शकत नाही. क्रुसावरील चोरालाही येशूने नुसते सुखलोकाचे नव्हे, स्वतःच्या सोबतीचे वचन दिले.

आत्मा अमर आहे असे प्लेटोने मांडले, आपली ख्रिस्तसभाही तसे शिकवते. परंतु आपली आशा आत्म्याच्या बळावर नाही, देवाच्या विश्वासूपणावर उभी आहे. स्वर्ग म्हणजे प्रथम देवाची सोबत. म्हणून ‘आमची माणसे कुठे आहेत?’ याचे उत्तर आपण नकाशावर शोधत नाही. ज्याने त्यांना सोडले नाही, त्याच्या हाती ती आहेत.

मिस्सामध्ये मृतांसाठी प्रार्थना करताना आपण त्याच हाताला हात लावतो. आणि दुःखी घरी गेल्यावर उपदेश करण्याची घाई नको. थोडा वेळ जवळ बसावे. देव सोबत आहे हे त्या घराला बहुधा तेवढ्यानेच कळते.