अर्ध्या बाळांचं वय

दुपारी तीनच्या सुमाराला तुळशीबागेतली गर्दी जरा सैल होते. राममंदिराच्या आवारात टेकायला जागा मिळते. तिथे बसावं. डोळे मिटायचे नाहीत. आजचं मनन उघड्या डोळ्यांचं आहे. श्वास आपला आपण चालू राहील, त्याच्यामागे लागू नये. आजूबाजूला एखादं तान्हं मूल शोधावं. बुधवार पेठेत, त्यातही तुळशीबागेत, ते न सापडणंच अवघड. कोणी आईच्या कडेवर असेल, कोणी पिशव्या सांभाळत बसलेल्या आजीच्या मांडीवर.

सापडलं? आता फक्त बघायचं. चुटक्या वाजवायच्या नाहीत, गालाला हात लावायचा नाही, हसवायचं तर मुळीच नाही. आवाज आला की त्याची मान वळते का? समोर काही लाल, चमकदार लटकतंय, त्यावर नजर किती वेळ टिकते? नजरेपाठोपाठ हात जातो, की अजून नुसती नजरच जाते? हाताला लागलेली वस्तू खाली पडली, तर ते वाकून पाहतं का, की दिसेनाशी झाली म्हणजे त्याच्या लेखी ती संपली?

हे प्रश्न हौसेचे नाहीत. डॉ. प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांसाठी बांधलेल्या विकासमापन श्रेणीत याच जातीचे प्रश्न आहेत. ही श्रेणी डॉक्टरांमध्ये 'डासी' या आद्याक्षरांच्या नावाने ओळखली जाते. जन्मापासून तीस महिन्यांपर्यंतच्या बाळाने करायच्या 230 कृती तिच्यात मांडल्या आहेत: हालचालींच्या 67 आणि मनोविकासाच्या 163. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या बालविकास विभागात हे काम झालं. त्याचा अंतिम अहवाल 1970चा, आणि सुधारित श्रेणी 1997मध्ये पुण्यातून निघाली. म्हणजे सत्तावीस वर्षांनी त्याच तक्त्यावर पुन्हा हात फिरवला गेला. संशोधकाचं आयुष्य म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे शोधाचा क्षण येतो. इथे तसा क्षण शोधून सापडत नाही.

मापनाची पेटीही अगदी साधी. लाल कडी, घंटी, ठोकळे, कप, आरसा, बाहुली. मंदिराच्या बाहेर भातुकली, खुळखुळे आणि पांगुळगाडे विकणाऱ्या दुकानांतून यातलं बरंचसं गोळा करता येईल. खेळणी तीच असतात. कुठली कृती कुठल्या वयाची, हे ठरवणं मात्र सोपं नाही. तेवढंच आपण सावकाश समजून घेऊ.

एकच कृती घेऊ. बाळासमोर एक बारीक गोळी ठेवली आहे. सुरुवातीला ते नुसतं तिच्याकडे बघतं. पुढे कधीतरी सगळा पंजा तिच्यावर टाकतं आणि ओढू पाहतं; गोळी निसटते. मग अंगठा आणि बोटाची कड यांच्यात ती कशीबशी अडकते. आणि एक दिवस अंगठ्याच्या व तर्जनीच्या टोकांत, चिमटीत, ती अलगद उचलली जाते. या चार पायऱ्यांमध्ये महिने जातात. परीक्षक समोर बसलेला असतो. तो बाळाचं बोट धरून शिकवत नाही. केलं की 'केलं' लिहितो, नाही केलं की 'नाही'. भूक लागली असेल, झोप आली असेल, तर थांबतो.

आता दुसरं बाळ. तिसरं. शंभरावं. प्रत्येकाच्या नावापुढे, गोळी चिमटीत आली तेव्हाचं वय. काही लवकर, काही उशिरा, बरीचशी मध्ये कुठेतरी. ज्या वयापर्यंत निम्म्या बाळांना ती कृती जमलेली असते, ते त्या कृतीचं वय. शेजारी आणखी दोन वयं लिहिलेली असतात: शेकडा तीन बाळांना जमलं ते, आणि शेकडा सत्त्याण्णव बाळांना जमलं ते.

इथे जरा थांबू. त्या मधल्या वयाला निम्म्या बाळांना ती गोष्ट जमलेली नसते. हे वाक्य मनात दोनदा फिरू द्यावं. तक्ता बनवणाऱ्यानेच ते मान्य केलेलं आहे, किंबहुना त्याशिवाय तक्ता तयारच होत नाही. आपल्या घरात मात्र मापन वेगळ्या पद्धतीने चालतं. 'अजून पालथा पडत नाही? आमचा तर तिसऱ्या महिन्यात पडला होता!' एका नातवाच्या फुटपट्टीने दुसरा नातू मोजायचा, आणि तीही आठवणीतल्या, दरवर्षी थोड्या आखडणाऱ्या फुटपट्टीने. मला विचाराल तर आकड्यांचा तक्ता आत्याबाईंपेक्षा कितीतरी दयाळू. तो तीनपासून सत्त्याण्णवपर्यंत सगळ्यांना जागा देतो.

या कामाचं मूळ अमेरिकेतलं. नॅन्सी बेली यांनी 1928मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे 61 बाळांचा अभ्यास सुरू केला आणि त्याच मुलांना त्या वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा मोजत राहिल्या. त्यांच्या श्रेणीचा 1961चा संशोधन-नमुना बडोद्याच्या कामाचा पाया ठरला. पण कृती उसन्या आणता आल्या, तरी वयं उसनी आणता येत नाहीत. ती इथल्या मांड्यांवर आणि पाळण्यांत वाढणाऱ्या बाळांमध्ये नव्याने शोधावी लागतात. शाळकरी मुलांसाठी हेच व्ही. व्ही. कामत यांनी आधी केलं होतं. पॅरिसमध्ये 1905 साली जन्मलेली बिने-सिमों चाचणी त्यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने घडवली, आणि त्यावरचं त्यांचं पुस्तक 1940मध्ये आलं.

बेलींची एक गोष्ट मात्र मनात घोळवावी अशी आहे. पहिल्या वर्षातल्या गुणांवरून पुढची बुद्धी सांगता येते का, हे त्यांनी आपल्याच आकड्यांत तपासलं. जवळजवळ काहीच सांगता येत नाही, असं निघालं. मोजपट्टी ज्यांनी बनवली, त्यांनीच तिची हद्द आखली आणि छापली. असं असूनही त्या मोजत राहिल्या. का? भविष्य कळत नसलं तरी आज काय आहे ते कळतं. आज ज्या बाळाला हात हवा, ते वेळेत सापडतं.

दहा महिन्यांचं बाळ नऊ महिन्यांच्या कृती करत असेल तर त्याचा विकासांक नव्वद. सोपा भागाकार आहे. पण ते बाळ दोन महिने आधी जन्मलेलं असेल तर? मग त्याचं वय आठच महिने धरतात, आणि तेच बाळ अचानक पुढे दिसू लागतं. बाळ जागच्या जागी आहे, आपण बदललो. इथून फार लांब नसलेल्या रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात ऑक्टोबर 1987 ते एप्रिल 1989 या काळातली, दोन किलोपेक्षा कमी वजनाची बाळं अशीच नोंदवली गेली. डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा अठराव्या वर्षापर्यंत माग ठेवला. अठरा वर्षं! पत्ते बदलतात, मुलं कंटाळतात, आईबाप म्हणतात आता कशाला. तरीही पुन्हा पत्र, पुन्हा बोलावणं. त्या मुलांच्या बौद्धिक गुणांशी ज्या गोष्टींचा संबंध दिसला, त्यांत आईचं शिक्षण होतं.

आता उठू या आणि चालता चालता विचार करू. दगडूशेठ गणपतीच्या समोर भिडे वाडा होता. 1848मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती तिथे. डिसेंबर 2023मध्ये ती जीर्ण इमारत स्मारकासाठी उतरवली गेली. बाळाच्या विकासाचा तक्ता कुठून सुरू होतो, जन्माच्या दिवसापासून की आई पहिल्यांदा पाटी धरते तिथपासून, हा प्रश्न या फुटपाथवर मला नेहमी गाठतो. त्याला आकड्यांत उत्तर देणारे लोक याच शहरात आहेत, याचं बरं वाटतं.

आणखी चार पावलं टाकली की पेठेच्या त्या गल्ल्या लागतात, ज्यांच्यामुळे बुधवार पेठ म्हटलं की काही लोक नजर चुकवतात. तिथेही बाळं आहेत. तीही मान धरतात, पालथी पडतात, चिमटीत गोळी पकडतात. कुठलाही तक्ता कोणत्या तरी बाळांवरून बनतो, आणि मग बाकीच्या सगळ्यांना लावला जातो. या गल्लीतल्या आया आपलं मूल घेऊन कुठल्या संशोधकासमोर बसल्या असतील का, हे मनात धरूनच इथून पुढे जावं. फेब्रुवारी 2013मध्ये पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी आणि गरज पडल्यास पुढच्या केंद्रात पाठवणी, अशी सोय आहे. तिथे मुलाला उभं करायचं तर आधी त्याचं नाव कुठल्या तरी पटावर असावं लागतं, आणि जन्मतारीख. तारीख नसेल तर वय निघत नाही, आणि वयाशिवाय 230 कृतींचा तो तक्ता उघडताच येत नाही.