दोष एकेकाचा, देणं सगळ्यांचं

१९४५-४६च्या हिवाळ्यात तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स हायडेलबर्ग विद्यापीठात जर्मनांच्या अपराधावर व्याख्यानं देत होते, तेव्हा नाझी नेत्यांवरचा न्यूरेंबर्गचा खटला चालू होता. यास्पर्स यांची पत्नी गेरट्रूड ज्यू होती. तेवढ्यावरून १९३७मध्ये नाझी राजवटीने त्यांचं प्राध्यापकपद काढून घेतलं होतं. 'माझा यात काय संबंध?' म्हणून हात झटकायचा अधिकार कुणाला असलाच, तर तो त्यांना होता. त्यांनी तो वापरला नाही.

अपराधाच्या त्यांनी चार जाती पाडल्या. कायदा मोडला असेल, तर निवाडा कोर्टात. शेजारच्या ज्यू कुटुंबाला नेत होते तेव्हा मी खिडकी का लावून घेतली, याचा जाब ज्याने त्याने आपल्या मनाला द्यायचा. माणसं मारली जात होती आणि आपण जिवंत राहिलो, हे ओझं तर देवापुढेच मांडता येतं. उरला राजकीय अपराध, आणि मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हाच भाग. राज्य ज्यांच्या नावाने चाललं, त्या सर्व नागरिकांना त्याच्या कृत्यांची भरपाई करावी लागते, विरोध केलेल्यांनाही. पण म्हणून सगळं राष्ट्र खुनी ठरत नाही.

हा भेद ध्यानात ठेवला की चाळीस वर्षांनंतरचा वाद नीट उलगडतो. जून १९८६मध्ये इतिहासकार एर्न्स्ट नोल्टे यांनी सुचवलं, की नाझींचा नरसंहार ही बोल्शेविकांच्या आधीच्या अत्याचारांच्या धास्तीतून उमटलेली प्रतिक्रिया असावी. पुढच्याच महिन्यात तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमास 'डी त्साइट' या साप्ताहिकातून त्यावर तुटून पडले. युद्ध संपलं तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. नंतर जन्मलेल्यांना त्यांनी दोषी धरलं नाही. पण ज्या घरांत, ज्या विचारपरंपरांत आपण वाढलो, त्यांच्याशीच आउशवित्झ जोडलेलं आहे. तेव्हा परंपरा पारखूनच पुढे न्यायची आणि निष्ठा ठेवायची ती लोकशाही राज्यघटनेवर, असा त्यांचा आग्रह होता.

मात्र कामगार आणण्यासाठी पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी केलेल्या १९६१च्या करारानंतर तिथून आलेल्या कामगाराच्या नातवाचं काय? त्याच्या घरात ही परंपरा नव्हतीच. हाबरमास यांचा वारशाचा युक्तिवाद त्याला पुरता लागू होत नाही. यास्पर्स यांचा होतो, कारण त्यांनी हे देणं नागरिकत्वाला बांधलं होतं. जर्मन पासपोर्ट हाती आला की बर्लिनमधलं, मारल्या गेलेल्या ज्यूंचं २,७११ काँक्रीट ठोकळ्यांचं स्मारक त्याचंही होतं, आणि ते कसं जपावं यावर बोलायचा हक्कही त्याला मिळतो.