उतारशाळा चालवणारी माणसं



दयाळू शोमरोन्याची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेली असेल. ख्रिस्ती घरात वाढलेल्यांनी तर अगदी लहानपणी. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एका वाटसरूला गाठलं, नागवलं आणि अर्धमेला करून टाकून दिलं. एक याजक आला, बघून पलीकडून निघून गेला. मंदिरात सेवा करणारा एक लेवी आला, तोही तसाच गेला. मग आला एक शोमरोनी. यहुदी लोक ज्यांच्याशी रोटीव्यवहारही ठेवत नसत, त्या समाजाचा माणूस. तो मात्र थांबला. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून त्याने पट्ट्या बांधल्या आणि त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवलं.

आपण गोष्ट सांगतो ती बहुतेक इथवरच. संत लूकच्या शुभवर्तमानात ती आणखी थोडी पुढे जाते. शोमरोनी त्या जखमी माणसाला एका उतारशाळेत नेतो. तिथे त्याची काळजी घेतो. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाच्या हातावर दोन दिनार ठेवतो. दिनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. याच्याकडे लक्ष ठेव, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन, असं सांगतो आणि आपल्या कामाला निघून जातो.

आज मला बोलायचं आहे ते या उतारशाळेच्या मालकाबद्दल. गोष्टीत त्याला नाव नाही. त्याच्या तोंडी एक शब्दही नाही. पण शोमरोनी गेल्यावर पट्ट्या कोणी बदलल्या? रात्री कण्हणाऱ्या माणसाला पाणी कोणी दिलं? दोन दिनार संपल्यावर, तो शोमरोनी खरंच परत येईल की नाही याची खात्री नसताना, जेवणाचं ताट कोणी वाढलं? वाटेत थांबणारा माणूस जीव वाचवतो. तो जीव पुन्हा उभा राहतो तो उतारशाळेत. संत ऑगस्टीनसारख्या प्राचीन धर्मपंडितांनी या उतारशाळेत ख्रिस्तसभेचं रूप पाहिलं, ते मला फार पटतं. आपला धर्मग्राम, म्हणजे एका चर्चभोवती जोडलेली कुटुंबं, ही ती उतारशाळा. आणि उतारशाळा नुसत्या कळवळ्यावर चालत नाही. ती कोणीतरी रोज उघडावी लागते.

हे पहिल्या ख्रिस्ती मंडळींनाही लवकरच कळलं. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात एक तक्रार नोंदलेली आहे, आणि ती जेवणावरून आहे. यरुशलेमातल्या त्या पहिल्या समुदायात विधवांना रोजचं अन्न वाटलं जायचं. त्यात ग्रीक बोलणाऱ्या विधवा मागे राहतात, त्यांच्या वाट्याला येत नाही, अशी कुरकुर सुरू झाली. येशूला पाहिलेली, त्याच्याबरोबर हिंडलेली माणसं ज्या समुदायात होती, तिथेही पंगतीत आपलं-परकं झालंच. प्रेषितांनी काय केलं? प्रेमावर आणखी एक प्रवचन दिलं नाही. तक्रार करणाऱ्यांना गप्पही केलं नाही. सगळ्यांना बोलावलं आणि सात भरवशाची माणसं निवडायला सांगितली. स्तेफन, फिलिप आणि आणखी पाच जण. सातही नावं ग्रीक वळणाची आहेत. म्हणजे ज्यांच्या विधवा मागे राहत होत्या, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटपाचं काम आलं. मग प्रेषितांनी प्रार्थना करून त्या सातांवर हात ठेवले. कोणाच्या पानात काय पडतं हे बघण्याचं काम त्या समुदायाला इतकं पवित्र वाटलं.

पुढे संत पौलानेही तेच केलं. यरुशलेमातल्या गरजू बांधवांसाठी करिंथच्या मंडळीकडून त्याला मदत हवी होती. त्याने लिहिलं ते अगदी व्यवहारी: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावं, म्हणजे मी आल्यावर धावपळ नको. दया मनात दाटून येईपर्यंत वाट पाहू नका, तिला एक वार ठरवून द्या, असंच त्याचं सांगणं.

आता एकदम १८३३च्या पॅरिसमध्ये येऊ. आदल्याच वर्षी तिथे कॉलऱ्याची भयंकर साथ येऊन गेली होती. विद्यापीठातले काही तरुण एका चर्चामंडळात धर्म, इतिहास, समाज यांवर वाद घालायचे. त्यांना विरोधकांनी एकदा टोकलं: तुमच्या धर्माने पूर्वी मोठमोठी कामं केली असतील, पण आज तुम्ही गरिबांसाठी काय करता? तो प्रश्न फ्रेडरिक ओझानाम नावाच्या विद्यार्थ्याच्या जिव्हारी लागला. २३ एप्रिल १८३३ रोजी, म्हणजे त्याच्या विसाव्या वाढदिवशीच, पहिली बैठक भरली. सहा विद्यार्थी आणि वयाने मोठे असलेले बाय्यी नावाचे एक गृहस्थ. योगायोगाने तेही सातच. गरिबांमध्ये काम कसं करायचं हे त्यांनी रोझली रंदू नावाच्या एका धर्मभगिनीकडून शिकून घेतलं. गरिबाला दारात बोलवायचं नाही, आपण त्याच्या घरी जायचं. यातून उभी राहिली ती संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी. पुढे हाच ओझानाम सॉर्बोन विद्यापीठात प्राध्यापक झाला, चाळिशीतच वारला, आणि १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचा, घोषित केलं. ही सोसायटी १८६३ पासून भारतात आहे आणि आज मुंबई, वसई, गोवा इथल्या कितीतरी धर्मग्रामांत तिची शाखा असते.

या मंडळींची एक रीत मला सांगायचीच आहे. बैठक म्हणजे दहा-बारा माणसं. चर्चच्या बाजूची एखादी खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. निवृत्त शिक्षक, वाडीत केळी आणि भाजी लावणारा शेतकरी, बँकेतली एखादी बाई, चर्चगेटची गाडी पकडून आलेला कारकून. सुरुवातीला प्रार्थना होते. मग कोणी कोणत्या घरी जाऊन आलं, तिथे काय हवं आहे, हे सांगितलं जातं. आणि बैठकीत एक कापडी पिशवी फिरते. प्रत्येक जण मिटलेली मूठ पिशवीत घालतो आणि मिटलेलीच बाहेर काढतो. आत पाचशेची नोट पडली की दहाचं नाणं, शेजारच्याला कळत नाही. या आठवड्यात ज्याच्याकडे काहीच नाही, तोही मूठ आत घालतो, बाहेर काढतो आणि पिशवी पुढे देतो. मोठं देणाऱ्याला मान नाही, न देणाऱ्याला खाली पाहणं नाही. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, ही येशूची शिकवण इथे कोणी समजावून सांगत बसत नाही. पिशवी तशी फिरते, एवढंच.

भेटीला जायचं ते दोघांनी. एकट्याने जायचं नाही, घोळक्यानेही नाही. ज्या घरी जायचं त्यांची नावं वेदीवरून वाचली जात नाहीत, फोटो काढले जात नाहीत. आणि घर कुठल्या धर्माचं, हा प्रश्न नसतो. समजा, एका आजींचं घर आहे. मुलगा आखातात, सून आणि नातवंडं त्याच्याबरोबर. पैसे वेळेवर येतात, पण गुडघे धरलेत, बाजार होत नाही आणि संध्याकाळ सरत नाही. दर गुरुवारी दोघं येतात, औषधाची चिठ्ठी घेऊन जातात. आजी चहा ठेवतात. जुनीजाणती माणसं त्या चहाला कधी नाही म्हणत नाहीत. कारण तो कप हातात घेतला की आजी यजमान होतात, आणि आलेली दोघं पाहुणे. मदत घेणाऱ्यालाही काही देता आलं पाहिजे, नाहीतर मदतीचं ओझं होतं.

वसईच्या धर्मग्रामांचं उदाहरण मी घेतो ते यासाठी, की तिथलं बदलणं डोळ्यांदेखत झालं. साडेचार शतकांहून अधिक काळ तिथे ख्रिस्ती वस्ती आहे. प्रार्थना मराठीत, बोली सामवेदी नाहीतर वाडवळी, पोटापाण्याला वाड्या. १९९८ साली मुंबईपासून वेगळा वसई धर्मप्रांत झाला. पण त्याआधीपासूनच वाड्यांच्या जागी इमारती उठत होत्या. पूर्वी कोणाच्या चुलीतून धूर निघाला नाही तर वाडीला कळायचं. आता चौथ्या मजल्यावरच्या बंद दारामागे काय चाललंय ते तिसऱ्या मजल्यालाही ठाऊक नसतं. म्हणून धर्मग्रामात आळीवार, इमारतीवार लहान ख्रिस्ती समूह बांधले गेले. दहा-वीस घरांनी अधूनमधून एकत्र बसायचं, शुभवर्तमान वाचायचं आणि उठण्याआधी विचारायचं, आपल्यात कोण आजारी आहे? कोणाची नोकरी गेली?

चर्चच्या भिंतींबाहेरही अशीच उतारशाळा उभी राहू शकते, हे वसईने पाहिलं आहे. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो नंदाखालचे, ‘सुवार्ता’ मासिकाचे माजी संपादक, बायबल सुबोध मराठीत आणणारे लेखक, २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. पण वसईची हिरवळ आणि पाणी वाचवण्यासाठी हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा हेच धर्मगुरू सगळ्या जातिधर्मांच्या लोकांबरोबर रस्त्यावर उतरले. विहीर आटली तर ती सगळ्यांचीच आटते. शेजारी कोण, हा प्रश्न ज्याने येशूला विचारला होता त्याला उत्तर म्हणून मिळालेली शोमरोन्याची गोष्ट कुंपण ओलांडूनच जाते.

श्रोतेहो, एखाद्या घरी मृत्यू झाला की आपल्याकडे माणसं धावून येतात. शेजारून जेवण येतं, खुर्च्या येतात, रात्र जागायला पोरं येतात. सातव्या दिवशी मृतासाठी मिस्सा होते, चर्च भरतं. खरी परीक्षा आठव्या दिवशी असते. पाहुणे गेलेले, खुर्च्या परत केलेल्या, पेन्शनच्या कागदावर कुठे सही करायची ते ठाऊक नाही, आणि घरात एकच ताट. त्या आठव्या दिवशी जो दार वाजवतो, तो उतारशाळेचा माणूस. आणि त्या घरातल्या बाईला विचारा, आशा म्हणजे काय? ती पुस्तकी उत्तर देणार नाही. पुढच्या गुरुवारीही कोणीतरी येणार आहे, हे तिला पक्कं ठाऊक असणं, ही तिची आशा.

पोप फ्रान्सिस यांनी २०२५चं जुबिली वर्ष आशेच्या नावाने जाहीर केलं होतं. आपण सगळे आशेचे यात्रेकरू आहोत, असं त्या वर्षाचं सूत्र. तेव्हा त्यांनी कैदी, आजारी, स्थलांतरित, वृद्ध अशा एकेकाचं नाव घेऊन, यांच्यासाठी आशेची खूण व्हा असं सांगितलं. आशा मनात धरायची, हे आपल्याला माहीत असतं. ती दुसऱ्याच्या दारात नेऊन पोचवायची असते, हे त्यांनी सांगितलं.

ख्रिस्ती श्रद्धेचा सगळा भार ज्या पहाटेवर आहे, ती पहाटही हेच सांगते. येशूला थडग्यात ठेवलेलं. शिष्य घाबरून दार लावून बसलेले. त्या पहाटे घराबाहेर पडल्या त्या काही बाया, हातात सुगंधी द्रव्यं घेऊन. पुनरुत्थान झालं असेल या आशेने त्या निघाल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी सगळं संपलं होतं. शब्बाथामुळे, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवसामुळे, मृतदेहाची नीट सेवा करायची राहून गेली होती, ते उरलेलं काम करायला त्या निघाल्या. थडग्यावरची धोंड कोण सरकवणार, हेही त्यांना माहीत नव्हतं. तरी निघाल्या. आणि ज्या बातमीवर पुढे अख्खी ख्रिस्तसभा उभी राहिली, ती बातमी पहिल्यांदा त्यांच्या कानी पडली. मन खचलेलं असताना हातातलं प्रेमाचं काम ज्यांनी सोडलं नाही, त्यांना आशा वाटेत भेटली.

म्हणून मन तयार होण्याची वाट पाहू नका. तुम्ही ख्रिस्ती असाल तर तुमच्या धर्मग्रामात, नसाल तर तुमच्या देवळाच्या अन्नछत्रात, मशिदीच्या दवाखान्यात, गुरुद्वाऱ्याच्या लंगरात, सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर अशी एखादी उतारशाळा चालू असतेच. तिथे पैसा एक वेळ मिळतो, माणसं मात्र नेहमी कमी पडतात. आपल्या सोयीचा एक वार निवडा. आणि जाऊन सांगा, हा वार आजपासून माझा.