न दिसणारा सांधा

टेक्सासात शेत उकरणाऱ्या रानडुकरांवर बंदूक चालवताना कान जपावेत म्हणून सायलेन्सर घ्यायचं ठरवलं. नळकांड्याच्या आतले पडदे, त्यांचं वेल्डिंग गिऱ्हाईकाला दिसतच नाही. भोक जरा तिरकं असलं की गोळी पडद्यालाच धडकते. मग विश्वास ठेवायचा कशावर? न पाहिलेल्यावर डोळे मिटून विसंबणं ही देवापुढची रीत. माणसाच्या हातच्या कामाला ती लावणं मला श्रद्धेचाच अपमान वाटतो.

एक कारखानदार म्हणाला, “आमचं कधीच बिघडत नाही.” दुसरा म्हणाला, “बिघडलं तर पाठवा, दुरुस्त करतो. पण आधी रिकाम्या बंदुकीच्या नळीतून सळई घालून बघा.”

स्वतःची चूक शक्य मानणाराच मला भरवशाचा वाटला. सळई सायलेन्सरच्या तोंडाशी बरोबर मधोमध आली, तेव्हाच पहिली गोळी झाडली.