बोगदा आणि भरवसा

ज्याच्या मनात पाप नाही त्याला लपवायचे कारण काय, असे आपण सहज बोलून जातो. तरीही घराच्या दाराला कडी असते आणि पत्र पाकिटात घालूनच टपालात पडते. लपवणे वेगळे, झाकणे वेगळे. लपवणारा दुसऱ्याचा हक्क बुडवतो. झाकणारा स्वतःचा राखतो. मोबाइलवरच्या ‘व्हीपीएन’मुळे हा जुनाच विवेक पुन्हा करावा लागत आहे.

व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क म्हणजे काय, हे पेडणेकराला सांगणे सोपे आहे. मडुरे आणि पेडणे स्थानकांच्या मधे कोकण रेल्वेचा सुमारे दीड किलोमीटरचा बोगदा आहे. गाडी आत शिरली की डोंगरावरच्या माणसाला ती दिसत नाही. व्हीपीएन असाच बोगदा खणते. आपला मजकूर सांकेतिक रूपात त्या कंपनीच्या सर्व्हरपर्यंत जातो आणि तेथून पुढच्या मुक्कामाला. इंटरनेट पुरवणाऱ्याला गाडी बोगद्यात शिरली एवढेच कळते. पलीकडच्या संकेतस्थळाला आपला नव्हे, सर्व्हरचा पत्ता दिसतो.

मात्र आपण कोठे गेलो, हे बोगद्याच्या रखवालदाराला कळू शकते. फेसबुकने २०१३ साली ‘ओनावो’ ही कंपनी विकत घेतली. तिच्या व्हीपीएनमधून लोक कोणती ॲप्स वापरतात, याची माहिती मालकाला मिळत राहिली. २०१९ मध्ये ते बंद झाले. तेव्हा व्हीपीएनने भरवशाची गरज संपत नाही. भरवसा एकाकडून काढून दुसऱ्यावर टाकावा लागतो. जुलै २०२४ मध्ये आपल्या बोगद्यात पाणी शिरून गाड्या खोळंबल्याच होत्या!

मग राखण सरकारने करावी काय? २८ एप्रिल २०२२ रोजी ‘सर्ट-इन’ने आदेश काढला, की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते वगैरे पाच वर्षे जपून ठेवावेत. काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले. बोगद्यात चोरही शिरतो, ही सरकारची चिंता खोटी नाही. पण गोव्याची आठवण वेगळी आहे. सालाझारच्या राजवटीत लग्नपत्रिकासुद्धा छापण्यापूर्वी सेन्सॉरच्या नजरेखालून जाई. एका संशयिताची झडती घेणे आणि साऱ्या गावाची नोंदवही ठेवणे, यांत अंतर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो याच अंतराची जाण ठेवून, असे मला वाटते.

मुलाच्या फोनवर व्हीपीएन दिसले तर पालकांनी लगेच हात उगारू नये. त्याला एवढेच विचारावे : तू झाकलेले उद्या उघडे पडले, तर नुकसान कोणाचे होईल, तुझे की दुसऱ्याचे? उत्तर ‘दुसऱ्याचे’ असेल तर ते थांबवावे. ‘माझे’ असेल तर त्याला कडी लावू द्यावी. मात्र ती किल्ली कोणाच्या हाती दिली आहे, हे त्याच्याबरोबर बसून एकदा तपासावे.